खांबापासून घरापर्यंत

विद्यार्थ्यांनी सकाळपासून घराला असा वेढा घातला होता की ताईला स्वतःच्याच दारातून बाहेर पडताना दोऱ्या ओलांडाव्या लागल्या. काठावरच्या वाळुंजाच्या झाडांना पत्र्याचे क्रमांक लागले होते. गवतात लाकडी चौकटी मांडल्या होत्या आणि प्रत्येक चौकटीपाशी कोणी ना कोणी गुडघे टेकून आतली रोपं मोजत होतं. उतारूंच्या जुन्या खोलीच्या छपरावर एक मुलगा दुर्बीण घेऊन पालथा पडला होता. तो म्हणे पक्षी मोजत होता.

"घरातली माणसंही मोजून घ्या रे," वहिनी व्हरांड्यातून म्हणाली. "आमची जातही आता फार उरलेली नाही."

मुलं हसली, ताईला मात्र हसू आलं नाही. रात्रभर तिने नुसत्या कुशी बदलल्या होत्या. मैत्रिणीचा निरोप आला होता: मुलींच्या वसतिगृहाचं काम तुझ्यासाठी राखून ठेवलंय, पण आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग, आता आणखी थांबवता येणार नाही. ताईने फोन तीनदा हातात घेतला, तीनदा खाली ठेवला, आणि शेवटी रोजच्या कामाला निघाली.

रोजचं काम म्हणजे खांब. तरीचं, म्हणजे नावेच्या धक्क्याचं घर होतं ते. वरच्या अंगाला पूल व्हायच्या आधी पंचक्रोशीतली माणसं इथूनच नदीपार जायची, आणि त्या काळातला नाव बांधायचा एक जाडजूड लाकडी खांब घर आणि नदी यांच्यामधे अजून उभा होता. मोठ्या पुरात घराची खालची बाजू वाहून गेली, ताईच्या वडिलांची, अण्णांची बहीण तिच्याबरोबर गेली, तेव्हा आईने पोरं कडेवर घेऊन सामान बांधायला काढलं होतं. अण्णा घर सोडायला तयार नव्हते. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्यातून हा तोडगा निघाला. अण्णांनी तोच नावेचा खांब नव्याने रोवला आणि शब्द दिला: ज्या दिवशी नदी खांबाला टेकेल त्या दिवशी सगळ्यांनी निघायचं, मागे वळून बघायचं नाही. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ कोणीतरी खांबाला पाठ लावून नदीपर्यंत चालत जायचं आणि अंतर आहे की नाही ते घरात सांगायचं. ते कोणीतरी म्हणजे ताई. शाळकरी वयापासून ताईच.

आज खांबालाही दोरी बांधलेली होती. ताई दोरीला वळसा घालून पाठ लावून उभी राहिली, पावलं टाकत काठापर्यंत गेली आणि परत आली. अण्णा नेहमीसारखे तिकिटाच्या खिडकीत बसले होते. नावेच्या फेऱ्या बंद झाल्या तरी त्यांची जागा काही बदलली नव्हती. खिडकीवर टांगलेली पाटीही तीच होती: 'तिकीट येथे मिळेल.' पाटीच्या मागच्या बाजूला दुसरा मजकूर होता. रोज संध्याकाळी शेवटच्या फेरीनंतर ती उलटी करायची पद्धत होती, पण पूल झाल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

"आहे ना अंतर?" अण्णांनी विचारलं.

"आहे."

"मग झालं तर."

हे 'मग झालं तर' ताईच्या आयुष्यात फार वेळा आलं होतं. स्थळ आलं तेव्हा आलं होतं. मोठ्या शाळेतून ग्रंथपालाच्या जागेसाठी बोलावणं आलं तेव्हाही आलं होतं. अंतर आहे, म्हणजे घर आहे, आणि घर आहे म्हणजे ते बघायला कोणीतरी हवं.

चहाच्या वेळेला भाऊने विषय काढला. भाऊ तिच्या पाठचा, वहिनीचा नवरा, शहरात राहणारा, इस्त्रीची घडी न मोडता जमिनीवर बसू शकणारा माणूस. हे घर वारसा म्हणून नोंदवून घ्यायचा ध्यास त्याने घेतला होता, आणि आपल्या मुलीच्या कॉलेजातल्या मुलांकडून काठाचा नकाशा आणि झाडापक्ष्यांची पाहणी करून घ्यायची शक्कलही त्याचीच.

"नकाशा जोडला की अर्ज पुरा," तो म्हणाला. "फक्त एक संमती हवी. जागेवर कायम राहून देखभाल करणारं माणूस कोण, ते लिहून द्यावं लागतं. ताईचं नाव घातलंय."

"मला विचारलंस?" ताई म्हणाली.

"त्यात विचारायचं काय? तू इथेच तर असतेस."

"भाऊचं म्हणणं बरोबर आहे," तिघांतला सगळ्यांत लहान, धाकटा, म्हणाला. नावा ठेवायच्या जुन्या शेडमधे त्याचं नावा दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. भाऊशी त्याचं एरवी विळ्याभोपळ्याचं सख्य. संग्रहालय झालं तर वर्कशॉप हलवावं लागेल म्हणून गेले सहा महिने तो भाऊशी धड बोलतही नव्हता. पण ताईने इथेच राहावं यावर दोघांचं कसं छान जुळलं. "तू असलीस तर अण्णांचीही काळजी नाही, ताई. आणि संग्रहालयवाले आले तरी माझं वर्कशॉप तू हलवू देणार नाहीस."

"एकीला हलवायचं नाही म्हणजे बाकी कुणालाच हलावं लागत नाही," वहिनी कप गोळा करता करता म्हणाली. वहिनीच्या जिभेला हाड नव्हतं, पण ती खोटं बोलत नसे.

"तू मधे बोलू नकोस," भाऊ म्हणाला.

"मी कुठे बोलले? मी कप उचलतेय."

ताईने मैत्रिणीच्या निरोपाबद्दल सांगायला तोंड उघडलं. नेमकं तेव्हाच खालून मुंगी धावत आली. मुंगी म्हणजे भाऊची मुलगी. रांगायची तेव्हापासून तिचं नाक जमिनीला लागलेलं असायचं, म्हणून हे नाव पडलं आणि कॉलेजात जाऊनही सुटलं नाही. तिचे गुडघे चिखलाने भरले होते आणि डोळे चमकत होते.

"आत्या, पूर्वी इथे नाव बांधायचे खांब ओळीने होते का गं?"

"नाही. एकच खांब. तिथेच, कायम."

"मग गंमत आहे. चला ना सगळे, दाखवते."

सगळी वरात काठावर गेली. मुंगीने सगळ्यांना अगदी कडेशी नेलं. तिथे गवतात एक अर्धवर्तुळ होतं. बाकी काठावर लव्हाळं आणि उंच गवत माजलेलं, पण या तेवढ्या चकतीत पांढऱ्या बारीक फुलांचं ठेंगणं तण दाटीने उगवलेलं. चकतीचा दुसरा अर्धा भाग नदीत गेला होता. कडेखालच्या उभ्या मातीत खंड्याची बिळं होती आणि तो दुर्बीणवाला मुलगा आता त्यांच्यासाठी ओणवा झाला होता.

"हे तण साऱ्या काठावर कुठेच नाही," मुंगी म्हणाली. "फक्त इथे, खांबाच्या बुंध्याभोवती, आणि एक पूर्ण वर्तुळ तिकडे वर, घराच्या पायऱ्यांपाशी. तिन्हींचं माप एकच. आणि हे बघा."

तिने आम्लाच्या बाटलीतले दोन थेंब मातीवर टाकले. माती फसफसली.

"चुना," ती म्हणाली. "बाजूच्या मातीत अजिबात नाही."

ताईला ते माप मुंगीपेक्षा आधी ओळखू आलं. खांब रोवायचा तर चुन्यात विटांचा चुरा कालवून बुंध्याभोवती गोल आळं भरायचं, ही या घराची रीत. अण्णांनी दोन्ही मुलांना ती शिकवली होती. घराबाहेरचं कुणी असा उपद्व्याप करत नसे.

तिने भावांकडे पाहिलं. भाऊ नदीपलीकडच्या काठाकडे बघत होता. धाकटा त्या अर्धवर्तुळावर असा उभा होता, जणू पायाखाली ते झाकता येईल.

"भावोजी, तुमचा चेहरा का उतरला?" वहिनीने विचारलं.

"कुणी हलवला खांब?" ताई म्हणाली.

विद्यार्थ्यांनाही काहीतरी बिनसल्याचं कळलं असावं, कारण पेन्सिली थांबल्या.

"मी," धाकटा शेवटी म्हणाला. "एकदाच. इथून उचलला आणि आता आहे तिथे नेला. पूर ओसरायच्या आत, पहाटेच. पाणी टेकलं होतं ताई, खांबाला चांगलं टेकलं होतं. पण मला तेव्हा माझी पहिली नाव मिळाली होती दुरुस्तीला. शेडमधे अर्धी सोललेली पडलेली. घर सोडलं असतं तर सगळंच गेलं असतं."

"म्हणजे तूपण?" भाऊच्या तोंडून निघून गेलं आणि त्याने जीभ चावली.

"तूपण म्हणजे?" धाकटा उसळला.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. भाऊने घसा साफ केला, कॉलर सारखी केली आणि वकिलाला शोभेल अशा आवाजात सांगितलं की लग्नाच्या आधीच्या पुरात त्यालाही पाणी फार जवळ आलेलं दिसलं, आणि परत परत खणायला नको म्हणून त्याने खांब एकदमच वर, पायऱ्यांपाशी नेऊन ठेवला.

"लग्नाच्या आधी?" वहिनीने कंबरेवर हात ठेवले. "माझ्या वडिलांनी नदीकाठचं घर बघून होकार दिला होता! म्हणजे माझं लग्न या खांबावर जमलंय होय? आणि मी एवढी वर्षं पत्रिकेला दोष देतेय."

मुंगी हसली, धाकटाही हसला. भाऊला हसू आवरेना. वीस-पंचवीस वर्षं ज्याने त्याने उराशी धरलेलं ओझं एकदम उतरल्यावर माणसं हसतात तशी ती सगळी हसत होती. ताईच्या मात्र अंगाची लाही लाही झाली.

"हसताय काय?" ती ओरडली. तिचा आवाज एवढा चढलेला भावांनी कधी ऐकला नव्हता. "मी रोज मोजत होते! रोज सकाळी, रोज संध्याकाळी! तापात, पावसात! अंतर आहे म्हणून स्थळ नाकारलं. अंतर आहे म्हणून नोकरी नाकारली. आणि तुम्ही खांब घेऊन फिरत होतात?"

"तुला कळलं कसं नाही पण?" धाकटा चाचरत म्हणाला. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

कसं कळणार? ती खांबाला पाठ लावून नदीकडे चालायची. खांबापासून नदी किती, हे या घरात पिढीभर मोजलं गेलं. खांबापासून घर किती, हे कधी कुणी मोजलंच नव्हतं. नियमच तसा होता, आणि नियमाबाहेरचं बघायची कुणाला सवय नव्हती.

"पण बाबा, हे जुळत नाही," मुंगी मधेच म्हणाली. ती अजून खाली बसून नकाशाच्या कागदावर बोट फिरवत होती. "तुम्ही खांब पायऱ्यांपाशी नेलात. काकाने तो इथून, कडेवरून उचलला. मग पायऱ्यांपासून कडेपर्यंत परत कोणी आणला?"

"यानेच आणला असेल," भाऊ म्हणाला.

"मी कशाला नदीकडे आणू? मला वेड लागलंय? तूच विसरला असशील कुठे ठेवला ते!"

"मी माझ्या हाताने पायऱ्यांपाशी आळं भरलं!"

दोघा भावांची जुंपली. तू खोटारडा, तू आपमतलबी, वर्कशॉप, संग्रहालय, सगळं बाहेर आलं. क्षणापूर्वी एकत्र हसणारी माणसं पुन्हा आपापल्या बाजूला जाऊन उभी राहिली. ताई त्यांचं ऐकत नव्हती. ती पायऱ्यांपासून कडेपर्यंतच्या उताराकडे बघत होती. भाऊच्या लग्नाचं वर्ष. त्या वर्षी ती घरात नव्हती. ग्रंथालयाच्या प्रशिक्षणाला गेली होती, याच मैत्रिणीबरोबर एका खोलीत राहत होती. आयुष्यातलं तेवढं एकच वर्ष बाहेरचं. लग्नापुरती दोन दिवस आली, तेव्हा मांडवाच्या गर्दीत खांब कुठे आहे हे बघायला कोणाला सवड होती? त्या वर्षी मोजायचं काम आई करायची.

आणि प्रशिक्षण संपतासंपता घरून तार आली होती. आईने पाठ धरली आहे, उठता येत नाही, निघून ये. दोघींना त्याच शहरात नोकरी मिळत होती. मैत्रीण राहिली आणि ताई परत आली. डॉक्टर म्हणाले होते, फार जड काही उचललं किंवा ढकललं असणार. आई म्हणाली, कपड्यांची बादली. बादलीने पाठ अशी कशी मोडेल, हे कोडं घरात कुणालाच सुटलं नव्हतं. आई त्यानंतर जाईपर्यंत कधी सरळ उभी राहिली नाही.

ताई तिथेच गवतात बसली. मुंगी धावली, पण ताईने तिला हाताने थांबवलं आणि उठून चालू लागली. या वेळी तिची पाठ नदीकडे होती.

तिकिटाच्या खिडकीत अण्णा बसलेच होते. आवाज वरपर्यंत गेले होते.

"आईने आणला ना खांब खाली?" ताईने विचारलं.

अण्णांनी खिडकीच्या फळीवरून हात फिरवला. सुटे पैसे सरकवायला तिथे एक खळगा झाला होता, त्यात त्यांचं बोट रुतलं.

"हो," ते म्हणाले. "दुपारी, कुणी नसताना. पहारीने खणायची, मग ढकलत न्यायची, थोडा थोडा. कितीतरी दुपारी चाललं होतं ते. शेवटी रीतीप्रमाणे आळंही भरलं तिने. मी इथूनच बघत होतो."

"आणि गप्प बसलात?"

"मला वाटलं दमेल, सोडून देईल. एकदा वर आली, घामाने निथळत होती. मी म्हटलं, हे काय चालवलंयस? तर म्हणाली, पोरगी बाहेर पडलीय, आता तिला परत यायला घरच नको."

ताईला हुंदका आला. तो तिने आवरला नाही. खाली भाऊ आणि धाकटा भांडायचे थांबले होते आणि वहिनी विद्यार्थ्यांना दुसऱ्या टोकाच्या झाडांकडे पिटाळत होती.

"मग नदी टेकली तेव्हा?" ताई म्हणाली. "तुम्ही इथेच होतात. धाकट्याने हलवला तेही पाहिलंत."

"पाहिलं. सकाळी तुझ्या आईने अंथरुणातून विचारलं, अंतर आहे का. मी आहे म्हणालो. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं." अण्णांनी नदीकडे मान फिरवली. "पहिल्यांदा तर मीच हलवला होता गं. मुलं लहान होती तेव्हा. त्या जुन्या जागा केव्हाच नदीत गेल्या. बोललो असतो तर निघावं लागलं असतं. मला नाही जमलं. नदी सोडून मला काही येतच नाही."

ताईला त्यांचा राग आला. त्याच वेळी तो सुरकुतलेला हात खळग्यातून उचलून आपल्या हातात घ्यावा असंही वाटलं. तिने यातलं काहीच केलं नाही. ती परत खाली गेली.

दुपारभर ती काठावर येरझारा घालत राहिली. भाऊने दोनदा हाक मारली, धाकट्याने चहा आणून दिला आणि तसाच परत नेला. मुंगी थोडा वेळ शेजारून चालली, आणि मग आपल्या नकाशावर ती तिन्ही वर्तुळं काढायला निघून गेली. ऊन उतरलं, मुलांनी दोऱ्या गुंडाळल्या, चौकटी गाडीत चढवल्या. खांबाची दोरीही सुटली.

"ताई, सही राहिली," भाऊ व्हरांड्यातून म्हणाला, पण आवाजात आता तो जोर नव्हता.

"दुसरं नाव शोध," ताई म्हणाली. "दोन आहेत. दोघांना खांब हलवता येतो, म्हणजे घरही सांभाळता येईल."

वहिनीने तोंडाला पदर लावला.

ताई कडेवरच्या त्या अर्ध्या वर्तुळात जाऊन उभी राहिली. आईची जागा होती ती. पांढरी फुलं तिच्या चपलांभोवती होती आणि पाऊल टाकायला पुढे जमीन नव्हती. तिने खिशातून फोन काढला आणि मैत्रिणीला एक शब्द पाठवला: येते. मग ती वळली आणि घराकडे चालू लागली. खांब मागे पडला. पायऱ्यांपाशी पोचली तेव्हा तिला नवल वाटलं, घर किती जवळ होतं.

खिडकीतून अण्णांनी रोजच्यासारखं विचारलं. सवयीनेच विचारलं असावं, किंवा नसेलही.

"आहे ना अंतर?"

"नाही, अण्णा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले, पण या वेळी त्यांनी मान फिरवली नाही.

"मग निघायचं," ते म्हणाले. "मागे वळून बघायचं नाही."

खुर्चीचा हात धरून ते कसेबसे उठले. मदतीला पुढे आलेल्या धाकट्याला त्यांनी बाजूला सारलं, खिडकीबाहेर वाकले आणि पाटी उलटी केली. इतकी वर्षं उन्हाबाहेर राहिल्यामुळे त्या बाजूची अक्षरं नव्यासारखी होती.

'शेवटची नाव गेली आहे.'

ताईने ती वाचली आणि कपडे भरायला आत गेली.